जॅझचे कोणते अल्बम ऐकलेच पाहिजेत? मराठवाड्यातल्या कानसेनांनो, सांगा

पांढरी_दोन (परभणी)

मंडळी, मागच्या एकादशीला भजन संपल्यावर पेटी बांधताना आमच्यातला एक पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही ते जॅझ ऐकता ना, मलाबी द्या की काहीतरी." मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथं त्याच्या फोनवर वीस-बावीस नावं पाठवून दिली. चार दिवसांनी भेटला आणि म्हणाला, "सगळं सारखंच वाटलं हो." त्यात त्याचं काही चुकलं नाही. आपल्याला कुणी पहिल्याच दिवशी वीस राग हातात दिले असते तर आपणही पेटीला हात लावला नसता.

म्हणून हा धागा काढतोय. शंभर-शंभर नावांच्या याद्या कुठंही मिळतात, त्या इथं नकोत. प्रत्येकानं एक, फार तर दोन अल्बम सांगावेत आणि ऐकताना कान नेमका कुठं ठेवायचा तेही सांगावं.

माझ्यापासून सुरुवात करतो. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ साली २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रित झाला. माइल्स ट्रम्पेटवर, जॉन कोल्ट्रेन टेनर सॅक्सोफोनवर, कॅननबॉल अ‍ॅडर्ली अल्टोवर, पियानोला बिल एव्हान्स आणि एका गाण्यापुरता विंटन केली, बासला पॉल चेंबर्स, ड्रमला जिमी कॉब. माइल्सनं येताना नुसते आराखडे आणले होते. म्हणजे चीज ठरलेली, विस्तार तिथं बसून करायचा. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पहिलं गाणं 'सो व्हॉट'. घरी पेटी असेल तर पांढरी दोन सा धरा आणि नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवरून वरच्या सापर्यंत जा. काय लागलं? काफी थाट. ग कोमल, नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. गाणं याच सुरांवर उभं आहे. चार मात्रांचं एक आवर्तन धरा. अशी सोळा आवर्तनं पांढरी दोनवर. मग अख्खं घर अर्ध्या सुरानं वर सरकतं आणि आठ आवर्तनं काळी दोनवर. पुन्हा आठ पांढरी दोनवर. बत्तीस भरली की एक फेरा झाला. प्रत्येक वादक याच चौकटीत आपलं बोलतो आणि पुढच्याला जागा देतो.

सुरुवातीला पियानो-बासचं थोडं मोकळं, आलापासारखं आहे. मग बास मुखडा म्हणतो आणि बाकीचे दोनच ठोक्यांत उत्तर देतात. कीर्तनकारानं चरण टाकावा आणि मागच्या टाळकऱ्यांनी उचलावा, तसं. त्यानंतर माइल्स सुरू होतो त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक जोरदार आघात करतो. तो नाद बराच वेळ हवेत राहतो. तो नाद विरेपर्यंत श्वास धरून ऐका.


लातूरची_वाट (औसा)

काका, तो पोरगा मी नाही पण माझी गतबी तीच. आत्ताच लावलं. चांगलं वाटायलंय, पण घर वर सरकतं म्हणता ते काही कळंना गेलंय. मी कधी गाणं शिकलो नाही. असं कुणाला शिकल्याबिगर कळतं का?


पांढरी_दोन (परभणी)

कळतं रे बाबा, नक्की कळतं. नावं कळायला शिकावं लागतं, सरकलेलं कळायला कान पुरतो. मोजू नकोस. रोज एकदा फक्त 'सो व्हॉट' लाव, सगळी मिळून नऊ मिनिटं. सुरुवातीचे दोन दिवस फक्त बासकडं लक्ष दे. दुसरं काही ऐकू नकोस.


ठेका_बीड

धागा आवडला. मी तबल्याच्या बाजूनं सांगतो. डेव्ह ब्रुबेक क्वार्टेटचा 'टाइम आउट', हाही १९५९ चाच.

'टेक फाइव्ह' सगळ्यांनी कुठं ना कुठं ऐकलेलं असतं, पण ते मोजून पाहा. रचना क्वार्टेटमधल्या सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडची, पाच मात्रांची. मी पहिल्यांदा हाताला सवय म्हणून झपताल धरला आणि दुसऱ्याच आवर्तनात घसरलो, कारण झपताल दोन-तीन-दोन-तीन आहे आणि हे तीन-दोन. एक-दोन-तीन, एक-दोन. मांडीवर धरा, एकदा बसलं की सुटत नाही. आणि खरी मेजवानी मध्यावर आहे. जो मोरेलो ड्रमवर एकटा वाजवायला लागतो तेव्हा ब्रुबेक पियानोवर तोच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. हा सरळ लेहरा आहे हो! पेटीवाला लेहरा धरून बसतो आणि तबलजी मोकळा होतो, अगदी तेच काम. मोरेलो किती ठिकाणी गप्प बसतो ते ऐका. भरमसाट वाजवणारे खूप, रिकामी मात्रा रिकामी ठेवणारे थोडे.

याच अल्बममध्ये 'ब्लू रोंडो आ ला तुर्क' आहे. नऊ मात्रा, दोन-दोन-दोन-तीन. तीनदा असं आणि चौथ्या वेळी तीन-तीन-तीन. ते चौथं आलं की मला दर वेळी तिहाई आल्यासारखं होतं. ब्रुबेकनं ही लय इस्तंबूलच्या रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून उचलली. १९५८ च्या त्याच दौऱ्यात तो भारतातही आला होता.

जाता जाता, पॉल डेस्मंड १९७७ साली वारला तेव्हा त्यानं 'टेक फाइव्ह'चं मानधन अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं.


जुना_श्रोता (छत्रपती संभाजीनगर)

ठेका_बीड, लेह‍ऱ्याचं अगदी नेमकं सांगितलंत. मी इतकी वर्षं ऐकतो, हे ध्यानात आलं नव्हतं.

माझं वय आता पंच्याहत्तर. नव्या मुलांना एवढंच सांगेन की जॅझ आपल्या घरात फार आधी आलेलं आहे. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे, गोदाकाठचेच. त्यांच्या वाद्यवृंदात गोव्याचे ट्रम्पेटवाले, सॅक्सोफोनवाले होते. त्यातला चिक चॉकलेट हा मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा नामांकित ट्रम्पेटवादक. १९५१ च्या 'अलबेला'त तो पडद्यावरही दिसतो. आम्ही लहानपणी ती गाणी ऐकून नाचलो ते जॅझच्याच ठोक्यावर, फक्त ते नाव आम्हाला माहीत नव्हतं.

अल्बम सांगायचा तर 'एला अँड लुई', १९५६. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग. मागं ऑस्कर पीटरसनचा पियानो. एकीचा आवाज धुतलेल्या काचेसारखा, दुसऱ्याचा खडबडीत, आणि दोघं एकमेकांना इतकं सांभाळून घेतात! शब्द आहेत, चाली गोड आहेत, त्यामुळं घरातलं कुणी 'हे काय लावलंय' म्हणत नाही. सुरुवातीला हेही महत्त्वाचं असतं.


गोदाताई (नांदेड)

मी अभंग गाते. शास्त्रीय संगीत थोडं शिकले, पण वाढले माहेरच्या काकड्यात. त्यामुळं मी एकच अल्बम सांगणार आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार.

जॉन कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'. ९ डिसेंबर १९६४ ला, एका बैठकीत ध्वनिमुद्रित झाला. पियानोला मॅकॉय टायनर, बासला जिमी गॅरिसन, ड्रमला एल्विन जोन्स. दारू आणि हेरॉइनच्या विळख्यातून कोल्ट्रेन १९५७ मध्ये सुटला आणि ही देवाची कृपा असं त्यानं मानलं. हा अल्बम म्हणजे त्या कृपेची परतफेड आहे.

चार भाग आहेत. पहिल्यात बास चार सुरांचा एक तुकडा धरतो. चारच सूर. कोल्ट्रेन सॅक्सोफोनवर खूप लांब फिरून येतो आणि मग त्याच चार सुरांवर बसतो. तो तुकडा तो बाराही सुरांवरून म्हणतो, जसं एकच नाम वेगवेगळ्या सुरात घ्यावं. शेवटी सॅक्सोफोन खाली ठेवतो आणि अल्बमचं नाव तोंडानं म्हणू लागतो. पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हात थांबला. आमच्या गंगाखेडच्या आत्या 'विठ्ठल विठ्ठल' म्हणायच्या तेव्हा शेवटी शेवटी त्यात गाणं उरायचं नाही, नुसता श्वास उरायचा. तेच हे.

पण मला सांगायचंय ते चौथ्या भागाबद्दल, 'साम' म्हणजे स्तोत्र. कोल्ट्रेननं देवाला उद्देशून एक कविता लिहिली होती, ती अल्बमच्या वेष्टनावर छापली आहे. चौथ्या भागात तो ती कविता वाजवतो. आवाज नाही, गायन नाही, सॅक्सोफोनवर शब्दामागून शब्द. कविता नेटवर मिळते. ती समोर ठेवून ऐका. ओळ कुठं संपली, 'थँक यू गॉड' कुठं आलं, सगळं कळतं. ड्रमला ठेका नाही, नुसता गडगडाट. मला इंग्रजी फार येत नाही, तरी मी बोट ठेवून ठेवून ती कविता सॅक्सोफोनबरोबर वाचली. दुसऱ्यांदा वाचताना डोळे भरून आले.

मुद्दाम संध्याकाळी दिवा लावल्यावर ऐका. गाडी चालवताना नको.


नाथसागर (पैठण)

गोदाताई, प्रतिसाद दोनदा वाचला. आज रात्रीच ऐकतो.

माझी सूचना कीथ जॅरेटच्या 'कोल्न कॉन्सर्ट'ची. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोल्न शहराचं ऑपेरागृह. एकटा माणूस, एक पियानो, आधीचं काहीही ठरलेलं नाही. पियानोही चुकीचा आलेला, लहान, वरच्या पट्टीत चिरका, खाली दम नसलेला. म्हणून तो मधल्या पट्ट्यांत राहिला, डाव्या हातानं तोच तोच तुकडा घोळवत राहिला आणि त्यातून ही अशी गोष्ट झाली. ज्यांना जॅझ गोंगाट वाटतो त्यांनी इथूनच सुरू करावं.


ठेका_बीड

नाथसागर, मला तो अल्बम जिवापाड आवडतो, पण 'इथूनच सुरू करावं' याला माझा विरोध आहे. त्यात बास नाही, ड्रम नाही, म्हणजे दुसरं माणूसच नाही. जॅझ हे चार जणांनी एकमेकांकडं बघत बोलणं आहे. नवशिक्यानं आधी ते ऐकावं. नाहीतर त्याला वाटेल जॅझ म्हणजे शांत पियानो, आणि मग चार्ल्स मिंगससारखा धडाकेबाज बासवाला ऐकला की दचकेल.


नाथसागर (पैठण)

पण दादा, माणूस आत शिरतो कुठल्या दारानं हे आपण कोण ठरवणार? मी याच दारानं आलो. पियानो आवडला म्हणून बिल एव्हान्सपर्यंत गेलो, तिथं बास सापडला.


पांढरी_दोन (परभणी)

दोघांचंही पटतं. पण माझं मत ठेका_बीड यांच्याकडं झुकतं. पियानोच हवा असेल तर बिल एव्हान्स त्रयीचा 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' घ्या. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधलं लहानसं तळघर, मागं पेल्यांचे आवाज, लोक बोलतायत, आणि बासवाला स्कॉट लाफारो पियानोच्या मागून चालत नाही, बरोबरीनं बोलतो. संगत आणि जुगलबंदी यातलं अंतर तिथं पुसलं जातं. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. हे माहीत झाल्यापासून मला ते पेल्यांचे आवाजसुद्धा जपून ठेवावेसे वाटतात.


बँडवाला_जालना

नमस्कार सगळ्यांना. मी इथं कधी लिहीत नाही, वाचतो. पण सॅक्सोफोनची गोष्ट निघाली म्हणून लिहायलोय.

आमचा लग्नाचा बँड. आज्यापासून. आजा क्लॅरनेट, वडील अल्टो सॅक्सोफोन, मी पण अल्टो. वडिलांचाच पीस वाजवतो, त्याच्यावरचा मुलामा जिथं अंगठा टेकतो तिथं गेलाय, आत पिवळं पितळ दिसतं. तिथं माझाबी अंगठा बरोबर बसतो.

लोकांना वाटतं वरातीत आम्ही फक्त गाणी वाजवतो. पण घोडा थांबला, नवरदेवाचे मित्र नाचायला लागले की गाणं संपवता येत नाही. तवा त्याच मुखड्यावर किती येळ फिरायचं, कुठं वर जायचं, साइड ड्रमवाल्याला डोळ्यानं कसं सांगायचं, हे सगळं ऐन येळेला. कुणी शिकवलेलं नसतं. वडील म्हणायचे, "गाणं हरवू द्यायचं नाही, पण त्याच्या मागंबी लागायचं नाही."

आठ-दहा वर्षांमागं एकानं मला सोनी रॉलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' दिला. १९५६ चा. पहिलं गाणं 'सेंट थॉमस'. मी रस्त्यावर उभा राहून ऐकलं. माय, ही तर वरातीची चाल! नंतर कळलं की त्याची आई व्हर्जिन बेटांकडची, लहानपणी तिच्याकडून ऐकलेली ही तिकडची नाचाची चाल. आणि रॉलिन्स काय करतो? सुरुवातीला दोनच सूर. दोन सूर फेकतो, थांबतो. परत तेच दोन सूर जरा उशिरा फेकतो. मॅक्स रोच ड्रमवर हसल्यासारखा वाजवतो. अशी दोन-दोन सुरांनी इमारत चढवत नेतो. मी ते गाणं सहा महिने वाजवून बघितलं. सूर सगळे सापडले. त्याची उशिरा येण्याची येळ अजून सापडली नाही.

दुसरं सांगतो. हाच रॉलिन्स एवढं नाव झाल्यावर १९५९ मध्ये मैफली बंद करून बसला. आपलं अजून कच्चं आहे म्हणून. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवायचा, थंडीतबी, तासन् तास. दोन वर्षांनी परत आला आणि १९६२ ला अल्बम काढला, त्याचं नावच 'द ब्रिज'. नंतर तो मुंबईला पवईच्या आश्रमातबी राहून गेला, योग शिकायला.

चातुर्मासात आमच्याकडं लग्नं नसतात. आधी त्या चार महिन्यांत पीस पेटीत राहायचा. हे वाचल्यापासून मी संध्याकाळी तळ्याच्या बांधावर जातो. रीड तोंडात धरून भिजवायची, पाण्याकडं तोंड करायचं आणि एकच सूर धरायचा, श्वास संपेपर्यंत. आता डीजेमुळं सुपाऱ्या कमी झाल्या, चार पोरं बँड सोडून गेली. पण मी वाजवणं सोडणार नाही. माझ्या पोरीनं मागच्या महिन्यात पहिल्यांदा पीस गळ्यात घातला.


गोदाताई (नांदेड)

दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवलं. लेकीला खूप आशीर्वाद.


ठेका_बीड

अनुमोदन. आणि दादा, ती उशिरा येण्याची वेळ बहुतेक मॅक्स रोचच्या हातात आहे, रॉलिन्सच्या तोंडात नाही. एकदा फक्त ड्रम ऐकून बघा.


मिलिंद_परिसर (छत्रपती संभाजीनगर)

मॅक्स रोचचं नाव निघालं म्हणून. हा अल्बम या धाग्यात आला नाही तर धागा अपुरा राहील. 'वी इन्सिस्ट!', १९६०. रोच ड्रमवर, गायला अ‍ॅबी लिंकन, शब्द ऑस्कर ब्राउन ज्युनियरचे.

आधी वेष्टनावरचं छायाचित्र बघा. खाणावळीच्या काउंटरवर काळी माणसं बसली आहेत, पलीकडं गोरा वाढपी. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहरात काळे विद्यार्थी अशा काउंटरवर जाऊन बसले होते, जिथं त्यांना बसू देत नसत. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर आपली माणसं पाणी प्यायला गेली होती. ज्याच्या घरात ती तारीख पाठ आहे त्याला या छायाचित्राचा अर्थ विचारावा लागत नाही.

माझी आजी भीमजलशातली गाणी म्हणायची. ढोलकी, पेटी, डफ आणि शब्द असे की समोरचा माणूस ताठ बसायचा. लहानपणी मला वाटायचं गाणं म्हणजे एक तर देवाचं नाही तर आमचं. पहिलं गाणं 'ड्रायव्हा मॅन' ऐका, गुलामांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाबद्दल आहे. पाच मात्रांचं, आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर चाबकासारखा आघात. 'टेक फाइव्ह'चेच पाच, पण इथं मांडीवर ताल धरवत नाही.

मधल्या भागात एका ठिकाणी अ‍ॅबी लिंकन शब्द सोडून देते आणि किंचाळते. मिनिटभराहून जास्त. पहिल्यांदा ऐकताना मी आवाज कमी केला होता. आता करत नाही. शेवटचा तुकडा जोहान्सबर्गसाठीच्या अश्रूंचा, दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये २१ मार्च १९६० ला पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या त्यांच्यासाठी.

आणि गोदाताई, तुम्हाला कोल्ट्रेन भावला म्हणून सांगतो, त्याचं 'अलाबामा' ऐका. सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींना मारलं, त्यानंतर दोन महिन्यांनी वाजवलेलं. 'लाइव्ह अ‍ॅट बर्डलँड' या अल्बममध्ये आहे. पाच मिनिटं. ते ऐकल्यावर लगेच दुसरं काही लावू नका.


गोदाताई (नांदेड)

ऐकलं. आज एवढंच लिहिते.


जुना_श्रोता (छत्रपती संभाजीनगर)

मिलिंद_परिसर, मी हा अल्बम टाळत आलो होतो, कुणीतरी 'फार कर्कश आहे' म्हणालं होतं. परवा पहिल्यांदा पूर्ण ऐकला. आभार मानतो.

एक व्यावहारिक गोष्ट. ज्यांच्याकडं 'काइंड ऑफ ब्लू'ची जुनी तबकडी किंवा कॅसेट असेल त्यांनी पेटी लावून पाहू नये, जुळणार नाही. २ मार्चच्या मुद्रणात टेपयंत्र जरा हळू चालत होतं, त्यामुळं पहिल्या बाजूची तिन्ही गाणी किंचित चढ्या सुरात ऐकू येतात. १९९० च्या दशकात ते दुरुस्त केलं. मी कित्येक वर्षं माझ्या पेटीलाच दोष देत होतो.


लातूरची_वाट (औसा)

काका, आज अकरावा दिवस. सांगायलाच आलो.

आमच्याकडं शेताला रातची लाइट असती. काल बारानंतर मोटर चालू करायला गेलतो. लाइट येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसून 'सो व्हॉट' लावलं. तुम्ही म्हणाल्यासारखं फक्त बास ऐकायलो. आणि एकदम असं झालं, कसं सांगू, जसं एसटी घाटात चढाला लागल्यावर पाठ सीटला टेकते, तसं. सगळेच्या सगळे जरासे वर गेले. मी उठूनच बसलो. मग थोड्या वेळानं सगळे खाली आपल्या जागेवर. परत माइल्स संपून दुसरा आला तवा मी वाट बघायलो, आता जाणार, आता जाणार, आणि गेले!

तेवढ्यात लाइट आली, मोटर सुरू झाली, ऐकू येईना. मोटर बंद करून गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि मग पाणी सोडलं.

आता पुढचं कोणतं लावू? गोदाताईंचं का बँडवाल्या दादांचं?


पांढरी_दोन (परभणी)

शाब्बास! ते वर गेलेलं घर म्हणजे काळी दोन. आता त्याला तूच नाव ठेव.

बँडवाल्या दादांचं लाव. पण आज नको. आज पुन्हा हेच, आणि आता बास सोडून झांजेकडं लक्ष दे.